काकांचा कान आणि माझा डबा

आमच्या कारखान्यात तपासणी विभाग म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि काकांचा उजवा कान. हे मला शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना ते त्या कानाकडे इतक्या कौतुकानं बघत होते की त्याचाही विमा उतरवलेला असावा असं मला वाटलं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, मोठ्या कंपन्यांच्या मागच्या गल्लीत आमची लहानशी शेड आहे. आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. व्हॉल्व्ह म्हणजे नळच, फक्त तो उघडायला हाताऐवजी वीज लागते. तांब्याच्या तारेचं गच्च गुंडाळलेलं वेटोळं, म्हणजे कॉइल. तिच्या पोटात सरकणारा एक लोखंडी दट्ट्या आणि दट्ट्याला मागं ढकलणारी स्प्रिंग. कॉइलमध्ये वीज सोडली की तिचं लोहचुंबक होतं, दट्ट्या आत ओढला जातो, 'टक' असा बारीक आवाज येतो आणि वाट उघडते. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांना हे व्हॉल्व्ह लागतात. दट्ट्या अर्ध्यात अडकला तर बाटलीत औषध कमी पडतं आणि शेठना फोन येतो.

तर तो 'टक' ऐकणं हे काकांचं काम. काका कुंभवलीचे, शेड उभी राहिली तेव्हापासूनचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि पायानं बटण दाबायचं. क्षणभर समाधी. मग डोळे उघडून, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात, "ठीक हाय." की व्हॉल्व्ह खोक्यात. गावात त्यांना कानवाला म्हणूनच ओळखतात. लोक त्यांच्याकडे मिक्सर आणतात, पाण्याचे पंप आणतात, मोटरसायकल तर अंगणात रांगेनं उभ्या असतात असं ते स्वतःच सांगायचे. काकांकडे सगळं होतं, विनय तेवढा नव्हता.

मी सांगलीकडची. नवऱ्याला इथल्या वीज केंद्रात नोकरी लागली म्हणून बोईसरला आले आणि इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे म्हणून या शेडमध्ये. स्वभाव तापट. मी आणि तारा झाळायची सोल्डरिंगची सळई, दोघींना तापायला सारखाच वेळ लागतो असं नवरा म्हणतो, आणि ते तो लांब उभा राहून म्हणतो.

मी आले त्या सुमारास शेठना फोन जरा जास्तच येऊ लागले होते. अडकणारे व्हॉल्व्ह माघारी येत होते. शेठ म्हणायचे स्प्रिंगवाला चोर आहे. स्प्रिंगवाला म्हणायचा तार खराब आहे. शेवटी पालघरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं की तुमचा दट्ट्या पूर्ण सरकतो की नाही हे यंत्रानं मोजून दाखवा, दसऱ्यानंतर आमचा साहेब येऊन बघेल, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. शेठनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या."

मी आधी शिकलेल्या माणसासारखीच वागले, म्हणजे बाजारातून सेन्सर आणले. दट्ट्या कुठे आहे ते सांगणारे, बोटाच्या पेराएवढे, नाजूक. व्हॉल्व्ह गरम पाण्यानं धुऊन बघायचा नियम आहे. पहिला सेन्सर धुण्यात गेला. दुसऱ्याच्या तारांना खाऱ्या हवेनं हिरवा बुरा आला. तिसऱ्याची तार उंदरानं खाल्ली आणि चौथा मी स्वतः रागानं भिंतीवर मारला. तो मारल्यावरही थोडा वेळ चालू होता, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या रविवारी मी सफाळ्याला मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या परसातल्या विहिरीवर ती माझ्याशी गप्पा मारत पोहरा सोडत होती. आत बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पोहरा पाण्याला टेकला तशी दोरी हातात सैल झाली, तिनं एक झटका दिला, तो भरला, दोरी जड झाली, तिनं ओढायला सुरुवात केली. पोहऱ्याला काही सेन्सर लावलेला नव्हता. ज्या दोरीनं ओढायचं तीच दोरी पोहरा कुठे आहे आणि किती भरलाय हे सांगत होती. मी तिला म्हटलं, अगं, मी मूर्ख आहे. ती म्हणाली, चहा ठेवू का.

कॉइलचंही तसंच असतं. वीज सोडली की तारेतून जाणारा प्रवाह वाढत जातो. पण दट्ट्या हलला की तो वाढता वाढता क्षणभर दचकल्यासारखा खाली येतो आणि मग पुन्हा चढतो. आलेख काढला तर तिथं छोटासा खळगा दिसतो. खळगा आला म्हणजे दट्ट्या पोचला. नाही आला म्हणजे अडकला. खळगा कधी आला आणि तोवर वीज किती लागली यावरून दट्ट्याला किती जोर लागतोय तेही काढता येतं. वेगळा सेन्सर नको, जादा तार नको, उंदराला खायला काही नको. ओढणाऱ्या कॉइललाच विचारायचं, बाई, काय झालं?

मी डबा बनवला. डबा म्हणजे खरंच डबा, भिंतीवर स्विच बसवायचा असतो तसला प्लास्टिकचा. आत माझं सर्किट, बाहेर दोन दिवे. दट्ट्या पोचला तर हिरवा, अडकला तर लाल. काकांनी त्याला टेबलावर जागा द्यायला साफ नकार दिला. मग शेठनी सांगितलं म्हणून कोपऱ्यात जागा दिली आणि त्याच्यावर आपला चहाचा ग्लास ठेवायला सुरुवात केली.

"यो डबा काय ऐकनार?" ते म्हणायचे. "याला कान हाय का?"

डबा लावायच्या दिवसांत एका सकाळी मी टेबलाखाली घुसून वायर बदलत होते. वरचं टोक काढलेलं होतं, व्हॉल्व्हला वीज जायचा प्रश्नच नव्हता. काका चहा पिऊन आले, मी खाली आहे हे त्यांना दिसलं नाही. स्टुलावर बसले, स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले असावेत, पायानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. टक नाही, टुक नाही.

"ठीक हाय," काका म्हणाले.

दुसरा व्हॉल्व्ह घेतला. "ठीक हाय. फस क्लास."

मी टेबलाखालून म्हटलं, "काका." ऐकलं नाही. "अहो काका." नाही. मी त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर ओरडत होते आणि पलीकडच्या कॉइल गुंडाळणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या, पण वरची समाधी तशीच. तिसरा व्हॉल्व्हही ठीक होता.

मी टेबलाखाली बसून राहिले आणि मला एकेक गोष्ट कळत गेली. सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ते का बोलतात. व्हॉल्व्ह माघारी का येतात. कुंभवलीतले पंप का जळतात, त्याचीही तक्रार मी रिक्षात ऐकली होती. स्प्रिंगवाला बिचारा चोर नव्हता. काका सगळ्याला ठीक म्हणत होते. त्यांच्यासमोर वीट ठेवली असती तर तीही खोक्यात गेली असती.

आता हे शेठना सांगायचं की नाही? शेठ वाईट नव्हते. त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एकच योजना होती, ती म्हणजे गेट. डोळे गेले, गेटवर बसा. कंबर गेली, गेटवर बसा. गेटवर काम काय, तर बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की दार उघडायचं. बहिरा माणूस हॉर्न ऐकायला बसवला जाणार होता आणि वर सगळ्या कुंभवलीला कळणार होतं की कानवाल्याचा कान गेला. काकांना त्या स्टुलावर आणखी थोडीच वर्षं काढायची होती. ते स्टूल गेलं असतं तर काकांकडे मिरवायला काही उरलं नसतं, आणि मिरवणं बंद झालेले काका ही कल्पनाच मला सहन होईना. मी त्यांच्यावर रोज चिडायचे, पण चिडायला ते तिथं असायला हवे होते.

मी गप्प बसले. डबा चालला की प्रश्न मिटेल असं ठरवलं. खराब व्हॉल्व्ह डबा पकडेल, चांगले काका पास करतील, आणि कुणालाच काही कळणार नाही. डबा चाललाही. दसऱ्याच्या आधी मी मुद्दाम अडकवलेले व्हॉल्व्ह लावून बघितले, दर वेळी लाल. चांगले लावले, दर वेळी हिरवा. मी घरी जाताना श्रीखंड घेऊन गेले.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. लेथला हार, ड्रिलला हार, कॉइल गुंडाळायच्या यंत्राला हार. शेठनी माझ्या डब्यालाही हळदकुंकू लावलं, तेव्हा मला खरं सांगायचं तर भरून आलं. काकांच्या टेबलावर व्हॉल्व्ह बसवायचा लोखंडी साचा आहे, त्याच्यापुढे विडा मांडला. पान, सुपारी, रुपयाचं नाणं. वरून झेंडूचा भलाथोरला हार. शेठचा नियम असा की घातलेला हार काढायचा नाही. तो वाळेल, गळेल, त्यात मुंग्या होतील, पण दिवाळीची साफसफाई होईपर्यंत हात लावायचा नाही, बरकत जाते.

दुसऱ्या दिवशी मी डबा चालू केला. लाल. दुसरा व्हॉल्व्ह, लाल. सगळे लाल. व्हॉल्व्ह उत्तम होते, मी माझ्या हातानं तपासले होते. मी सर्किट उघडलं, जोडण्या पुन्हा झाळल्या, वीजपुरवठा बदलला, प्रोग्राम सुरुवातीपासून लिहिला. लाल. आलेखातला खळगा पुसट झाला होता, जणू कुणीतरी त्यात माती भरली होती. मी घरी बोलेनाशी झाले. नवऱ्यानं जेवण बनवलं आणि ते मी मुकाट्यानं खाल्लं, तेव्हा तो खरा घाबरला.

काका मात्र फुलले होते. डबा लाल, काका ठीक, आणि व्हॉल्व्ह खरोखरच ठीक. शेठ येताजाता म्हणू लागले, "मॅडम, आपल्याकडे काकांचा कान आहे. जर्मनीत पण नाय भेटणार." काका ग्लास डब्यावर आपटून ठेवायचे. मला माहीत होतं की ते बरोबर ठरतायत कारण सगळंच चांगलं आहे. बंद पडलेलं घड्याळही कधीतरी वेळ बरोबर दाखवतं, पण म्हणून त्याला शाल कुणी पांघरवत नाही. शेठ पांघरवायच्या बेतात होते.

आणि गिऱ्हाइकाचा साहेब आला. चष्मा, पांढरा शर्ट, हातात एक पिशवी. सगळे टेबलाभोवती जमले. पहिला व्हॉल्व्ह लावला, डबा लाल. काकांनी डोळे मिटले, पायानं बटण दाबलं. "ठीक हाय." साहेबानं व्हॉल्व्ह उघडून बघितला. ठीकच होता. दुसरा. डबा लाल, काका ठीक, व्हॉल्व्ह ठीक. शेठ छाती काढून उभे. साहेब माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की माझं टाळकंच सटकलं. मी बरकतीची पर्वा न करता तो वाळका हार धरला आणि ओढला.

शेठ "अरे अरे" म्हणाले. हाराखाली, कॉइलच्या अगदी तोंडाशी, साच्याला चिकटून विड्यातला रुपया उभा होता. कुंकवासकट. नाणं पोलादाचं. वीज सोडली तशी कॉइलनं ते पानावरून ओढून घेतलं होतं, आणि कुंकवाच्या ओल्या लगद्यानं ते तिथंच धरून ठेवलं होतं. आता कॉइलच्या तोंडाशी कायमचं लोखंड बसल्यावर तिला दट्ट्या हलल्याचं काय कळणार? डबा खोटं बोलत नव्हता. तो इतके दिवस शेठच्या रुपयाबद्दल सांगत होता.

मी नाणं काढलं. हिरवा. दुसरा व्हॉल्व्ह, हिरवा. मी तो रुपया शेठच्या हातात ठेवला, त्यांनी तो कपाळाला लावून खिशात टाकला. साहेब हसला. माझा जीव भांड्यात पडला, पण पडल्या पडल्या परत वर आला, कारण साहेबानं पिशवीत हात घातला.

"हा आमच्याकडे रोज अडकतो," असं काही तो म्हणाला नाही. त्यानं नुसता एक जुना व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आता हा बघा." पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तो व्हॉल्व्ह खराब होता आणि साहेबाला ते ठाऊक होतं.

"आधी काका सांगणार," शेठ म्हणाले. "मग डबा."

काका ठीक म्हणणार, डबा लाल दाखवणार, साहेब व्हॉल्व्ह उघडणार आणि काका आजच गेटवर. व्हॉल्व्ह साच्यात बसला. डब्याचे दिवे साहेबाकडे तोंड करून होते. मी पुसायचं निमित्त करून डबा हळूच काकांकडे वळवला. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले. दिवा बहिऱ्याला दाखवता येतो, डोळे मिटलेल्या बहिऱ्याला काय दाखवणार? मी खोकले. खोकून काय उपयोग होता. मी पुन्हा खोकले, साहेबानं मला पाणी दिलं. काकांनी पायानं बटण दाबलं, डब्यावर लाल दिवा लागला, काकांचे ओठ 'ठ' म्हणायच्या तयारीत आले आणि मी स्टुलाच्या पायावर सणसणीत लाथ घातली.

काकांनी डोळे उघडले. समोर लाल दिवा. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडात साहेबाचं पाणी तसंच होतं. काकांनी पुन्हा बटण दाबलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. पुन्हा लाल.

"नाय," काका सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले. "यो अर्ध्यात आडकतो. टक येत नाय."

साहेबानं हात पुढे केला तो काकांच्या पुढे. शेठनी काकांना मिठी मारली. ऑर्डर राहिली. डब्याचं काय, तर साहेबानं विचारलं की हा डबा तुम्ही कशाशी ताडून बघितलाय, त्याचा काही दाखला? शेठ अभिमानानं म्हणाले, काकांच्या कानाशी. साहेबानं मान डोलावली आणि तसं लिहून घेतलं. माझी इतक्या दिवसांची मेहनत अशा रीतीनं एका बहिऱ्या कानानं प्रमाणित झाली. मी तोंडातलं पाणी गिळलं.

तेव्हापासून डबा काकांकडे तोंड करून असतो. काका डोळे मिटत नाहीत. वय झालं की ध्यान उघड्या डोळ्यांनी लागतं, असं त्यांनी बायकांना समजावलं. व्हॉल्व्ह माघारी येणं थांबलं. स्प्रिंगवाल्याला शेठनी दिवाळीला मिठाई पाठवली आणि त्याला ती का मिळाली हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

मग गेल्या आठवड्यात शेठ टेबलापाशी आले. "मॅडम, हा दिवा कोण बघत बसणार? बझर लावा. अडकला तर वाजेल, मस्त. काय काका?"

काका व्हॉल्व्ह पुसत पाठमोरे होते. शेठनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. काका वळले आणि हसून म्हणाले, "ठीक हाय."

"बझर लागणार नाही," मी म्हटलं. "त्याच्यात लोहचुंबक असतं. नाण्यानं काय झालं होतं ते विसरलात का?" लांब ठेवला तर काही होत नाही, पण ते शेठना माहीत नव्हतं, आणि माझा आवाज इतका चढला की त्यांनी विषय तिथंच सोडला. तुमचाच दिवा बरा, म्हणून निघून गेले.

ते दाराबाहेर गेल्यावर काकांनी विचारलं, "शेठ काय बोलला?"

"बझर लावू म्हणाले. मी नाही म्हटलं."

"न् मी काय बोललो?"

"ठीक हाय म्हणालात."

काका इतके हसले की बायकांनी हात थांबवले. मग त्यांनी डोळे पुसले, ग्लास डब्यावरून उचलून बाजूला ठेवला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "तुमाला कवा कळला?"

मी वायरीचं सांगितलं. टेबलाखालचं सांगितलं.

"मला पन त्याच दिशी कळला, का म्याडमला कळलाय," काका म्हणाले. "त्या आधी तुमी तिकडं कोपऱ्यातनं वरडायच्या माज्यावर. त्या दिसापासनं तुमी कायपन बोलायचा झाला का माज्या समोर येऊन बोलता. तोंड दाकवून."

मी त्यांच्या समोरच उभी होते. मी असं करते हे मला स्वतःला माहीत नव्हतं.